कोरलेला उजेड : अभिव्यक्तिवादी काष्ठमुद्रांतील चेहरे

मराठीच्या वर्गात कविता शिकवताना एक उत्तर आम्हांला हमखास मिळते. कवितेत दिवा आला, पहाट आली, की 'प्रकाश हे आशेचे प्रतीक आहे'. रात्र आली, सावली आली, की 'अंधार हे निराशेचे प्रतीक आहे'. उत्तर चुकीचे नसते, म्हणून त्याला गुणही द्यावे लागतात. पण ते कुठल्याही कवितेला चिकटवता येते, आणि म्हणूनच ते त्या विशिष्ट कवितेविषयी काहीच सांगत नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. चित्रांसमोर उभे राहिलो की आपण सुशिक्षित प्रेक्षकही याच उत्तरावर निभावून नेतो. चेहऱ्यावर उजेड दिसला की आपण त्याला अंतरीची शांती म्हणतो, चेहरा काळोखात बुडालेला दिसला की व्यथा म्हणतो, आणि पुढच्या चित्राकडे वळतो.

या सवयीची परीक्षा घेणारी काही चित्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत जर्मनीत तयार झाली. लाकडाची फळी कोरून, तिला शाई लावून कागदावर घेतलेले हे छाप. कलाविद्यालयांत त्यांना सर्रास 'वुडकट' म्हणतात. आम्ही येथे 'काष्ठमुद्रा' हा शब्द वापरला आहे. अभिव्यक्तिवादी चळवळीतील चित्रकारांनी या माध्यमात असंख्य चेहरे कोरले: मित्रांचे, विक्रेत्यांचे, संदेष्ट्यांचे आणि स्वतःचे. या चेहऱ्यांवरचा प्रकाश कुठून येतो, एवढा एकच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्हांला विचारायचा आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना आमच्या स्वतःच्याही एका समजुतीला मुरड घालावी लागली, ती हकीकत शेवटी येईल.

आधी कृती समजून घेतली पाहिजे, कारण येथे अर्थ कृतीतूनच निघतो. सपाट फळीवर जे छापायचे नाही ते पटाशीने, कोरणीने किंवा सुरीने खोदून काढायचे. जो भाग उंच राहिला त्यावर रुळाने शाई फिरवायची. वर कागद ठेवून दाब द्यायचा. कचेरीतल्या रबरी शिक्क्याचे तत्त्व हेच आहे. खोदलेल्या भागाला शाई लागत नाही, म्हणून कागदावर तेवढी जागा पांढरी राहते. आता समजा, काहीही न कोरता फळीला शाई लावून छाप घेतला, तर काय उमटेल? सबंध काळा चौकोन. म्हणजे कलावंताचा हात लागण्यापूर्वी काष्ठमुद्रा काळी असते. कागदावर कोळशाने रेखाटणारा चित्रकार पांढऱ्यापासून निघतो आणि सावल्या भरत जातो. काष्ठमुद्रा करणारा काळ्यापासून निघतो आणि उजेड काढत जातो. येथे 'काढणे' हा शब्द आम्ही दोन्ही अर्थांनी वापरतो. चित्र काढणे आणि लाकूड काढून टाकणे ही येथे एकच क्रिया आहे.

यातून आणखी दोन गोष्टी उद्भवतात. पहिली अशी, की उजेड एकदा आला की तो परत घेता येत नाही. तैलचित्रात नको असलेली चमक रंगाच्या एका थराने झाकता येते. लाकडातून निघालेला तुकडा सहजासहजी परत बसवता येत नाही. दुसरी अशी, की या माध्यमात करडा रंग नसतो. जेथे शाई आहे तेथे पूर्ण काळे, जेथे नाही तेथे कागद. मधली छटा हवी असेल तर बारीक रेषा शेजारीशेजारी कोरून तिचा भास निर्माण करावा लागतो. मराठीत 'कोरा' आणि 'कोरलेला' हे शब्द जवळजवळ उभे आहेत. त्यांच्यात व्युत्पत्तीचे नाते जोडण्याचा आमचा आग्रह नाही. पण काष्ठमुद्रेतला पांढरा भाग कागदाच्या बाजूने पाहिला तर कोरा असतो आणि लाकडाच्या बाजूने पाहिला तर कोरलेला असतो, हे ध्यानात ठेवले तर पुढचे विवेचन सोपे जाईल.

ही शक्यता लाकडात पहिल्यापासून होती, परंतु युरोपात तिच्याकडे फार काळ कोणी वळले नाही. ड्यूररच्या १४९८ मधील 'अपोकॅलिप्स' या प्रसिद्ध मालिकेत, आणि त्या काळच्या जर्मन काष्ठमुद्रांत एकंदरीतच, रेषा काळी असते. चित्रकाराने फळीवर चित्र रेखाटायचे आणि पुष्कळदा वेगळ्याच कारागिराने त्या रेषा शाबूत ठेवून आजूबाजूचे लाकूड उकरून काढायचे, अशी कामाची वाटणी असे. सावली हवी असेल तेथे काळ्या रेषा दाट होत. पुढे १५०८च्या सुमारास क्रानाख आणि बुर्ग्कमायर यांनी रेषेच्या ठोकळ्याबरोबर छटेचा दुसरा ठोकळा वापरायला सुरुवात केली, आणि इटलीत उगो दा कार्पी याने ही पद्धत आणखी पुढे नेली. तिला 'कियारोस्क्युरो' म्हणजे छायाप्रकाशाची काष्ठमुद्रा असे नाव पडले. पण या सर्व चित्रांत प्रकाश चेहऱ्याच्या बाहेर कुठेतरी असतो, खिडकीत, आकाशात, दिव्यात. तो येऊन चेहऱ्यावर पडतो आणि पलीकडे सावली टाकतो. प्रकाशाला दिशा आहे, म्हणून त्या माणसाला खोली आहे, घर आहे, जगात एक जागा आहे. रेम्ब्रांटच्या गडदातल्या गडद व्यक्तिचित्रातही हा भरवसा मोडत नाही.

एकोणिसाव्या शतकात लाकूड हे मुख्यतः पुस्तके आणि मासिके सजवण्याचे साधन झाले. कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर अतिशय बारीक रेषा कोरून कसबी कारागीर करड्या छटांचा आभास निर्माण करीत. छायाचित्रावरून यांत्रिक ठसे बनवण्याची सोय झाली तसे हेही काम हातचे गेले. उपयोग संपल्यावर माध्यम मोकळे होते, असे कलेच्या इतिहासात अनेकदा दिसते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या फेलिक्स व्हालोताँ या स्विस चित्रकाराने १८९१ पासून लाकडावर काम सुरू केले आणि करड्याचा मोह सरळ सोडून दिला. त्याने केलेल्या लेखक-कलावंतांच्या छोट्या व्यक्तिचित्रांत केस, कोट आणि मागची भिंत एकाच काळ्यात मिसळून जातात आणि चेहऱ्याचा तेवढा पांढरा ठिपका वर तरंगतो. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने १८९६ पासून लाकूड हाती घेतले. त्याने ठोकळे करवतीने कापून वेगवेगळ्या शाया लावल्या, आणि मुख्य म्हणजे फळीच्या शिरा छापात उमटू दिल्या. लाकडाला स्वतःचे अंग आहे, ते लपवायचे कारण नाही, हे त्याच्या कामातून पुढच्या पिढीला कळले.

ही पुढची पिढी म्हणजे ड्रेस्डेनमधले वास्तुशास्त्राचे चार विद्यार्थी. एर्न्स्ट लुडविग किर्शनर, एरिश हेकेल, कार्ल श्मिट-रोट्लुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल यांनी ७ जून १९०५ रोजी 'ब्र्युके', म्हणजे 'पूल', या नावाचा गट स्थापन केला. १९०६ मध्ये गटाचा जाहीरनामा निघाला तो किर्शनरने लाकडात अक्षरे कोरून छापलेला. त्याच सुमारास एमिल नोल्डे आणि माक्स पेख्स्टाईन गटात आले. नोल्डे फार काळ टिकला नाही. १९११ मध्ये गट बर्लिनला गेला आणि १९१३ मध्ये मोडला. या तरुणांना लाकूड का भावले याची कारणे अनेक आहेत. साहित्य स्वस्त होते. जुन्या जर्मन काष्ठमुद्रेचा वारसा जवळ होता. ड्रेस्डेनच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आफ्रिका व ओशियानियातील लाकडी शिल्पे होती, आणि त्यांतला ठामपणा त्यांना हवासा वाटत होता. पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे येथे मधला कारागीर नाहीसा झाला होता. ज्याने चेहरा पाहिला त्यानेच लाकूड कोरायचे. त्यामुळे पटाशीचा प्रत्येक घाव हा एकाच वेळी निरीक्षण आणि निर्णय झाला.

नोल्डेचा 'संदेष्टा' (१९१२) हे या घडणीचे सर्वपरिचित उदाहरण. नोल्डे मूळचा कोरीवकाम करणारा. तरुणपणी फ्लेन्सबुर्गला फर्निचरच्या कारखान्यात त्याने लाकडावर कोरण्याची उमेदवारी केली होती. चित्र लहानसे, सुमारे ३२ बाय २२ सेंटिमीटर. समोरून पाहिलेला दाढीवाला पुरुष, खोल गेलेल्या डोळ्यांच्या खोबणी, बसलेले गाल, घट्ट मिटलेले तोंड. कपाळावर, नाकाच्या दांड्यावर, गालांच्या हाडांवर पांढरे पट्टे आहेत. येथे आपला प्रश्न विचारून पाहावा: हा उजेड कुठून येतो? कुठल्याही एका बाजूला दिवा ठेवला तरी या सर्व पांढऱ्या जागांचा हिशेब लागत नाही. हा उजेड चेहऱ्यावर पडलेलाच नाही. तो चेहऱ्यातून खणून काढलेला आहे, आणि खणल्याच्या खुणा, लाकडाचे तुटके रेषे, कडांचे खडबडीत दात, तशाच ठेवलेल्या आहेत. या माणसाला खोली नाही, काळ नाही. मागे आहे तो केवळ फळीचा काळोख, आणि दाढीकेसांच्या कडेला तो त्या काळोखापासून नीटसा वेगळाही झालेला नाही.

बाहेरचा दिवा विझला, हा अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्राचा पहिला टप्पा म्हणता येईल. त्या काळच्या इतर कलांतही हेच घडत होते. 'डॉ. कॅलिगारीची कोठडी' हा १९२० चा जर्मन मूकपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, की त्यातल्या कित्येक सावल्या दिव्यांनी पाडलेल्या नसून नेपथ्यावर रंगवलेल्या आहेत. सावलीला वस्तूची आणि प्रकाशाची गरज उरली नाही की ती मनाची सावली होते. पण हे विधान इतके सोपे आहे, की वर्गातल्या त्या हमखास उत्तराचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे की काय, अशी शंका यावी. किर्शनरचे उदाहरण येथे आपल्याला सावध करते.

१९१५ मध्ये किर्शनर तोफखान्याच्या शिक्षणासाठी हाले येथे सैन्यात होता. थोड्याच महिन्यांत त्याचे शरीर आणि मन दोन्ही ढासळले आणि त्याला सोडून द्यावे लागले. याच वर्षी त्याने 'पीटर श्लेमील' ही रंगीत काष्ठमुद्रांची मालिका केली. तिला आधार आडेलबर्ट फॉन शामिसो याच्या १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेचा. करड्या कोटातला एक माणूस श्लेमीलला कधीही न संपणारी सोन्याची थैली देतो आणि मोबदल्यात त्याची सावली घेऊन जातो. सौदा फायद्याचा वाटतो. सावलीचा उपयोग तो काय? पण बिनसावलीच्या माणसाला लोक जवळ करीत नाहीत; मुले चिखल फेकतात, लग्न मोडते. मग तोच माणूस सावली परत देऊ करतो, पण आत्म्याच्या बदल्यात, आणि श्लेमील नकार देतो. किर्शनरने या गोष्टीत स्वतःला पाहिले. गणवेश चढवताना आपण असेच काहीतरी देऊन बसलो आणि आता ते परत मिळत नाही, अशी त्याची भावना असावी, असे ती चित्रे पाहताना वाटत राहते.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. आपल्या भाषेत अंधार आणि सावली हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांचे संसारही निराळे आहेत. अंधार कोणाचाच नसतो. सावली नेहमी कोणाची तरी असते. वडीलधारे गेले की आपण 'डोक्यावरची सावली गेली' म्हणतो, 'डोक्यावरचा अंधार गेला' असे म्हणत नाही. सावली हा आधार आहे, अस्तित्वाचा पुरावा आहे. तेव्हा श्लेमीलची व्यथा ही काळोखाची व्यथा नव्हेच. त्याच्याभोवती उजेडच उजेड आहे आणि तोच त्याचा शत्रू आहे, कारण उजेडातच त्याचे उणेपण दिसते. मालिकेतल्या एका चित्रात वाटेवर त्याला स्वतःच्या सावलीसारखे काहीतरी भेटते आणि तो तिला पकडू पाहतो. 'प्रकाश म्हणजे आशा' हे समीकरण येथे साफ उलटते.

याच किर्शनरने १९१८ मध्ये लुडविग शामेस या फ्रँकफुर्टच्या वृद्ध कलाविक्रेत्याचे मस्तक कोरले. लांबट, अरुंद ठोकळा, लांब दाढी, सुरकुत्या आणि केस यांच्या बारीक, जवळजवळ लिहिल्यासारख्या रेषा. 'संदेष्ट्या'तले मोठे घाव येथे नाहीत. जणू उजेडासाठी लाकडाचे कमीत कमी नुकसान व्हावे अशी काळजी घेतलेली आहे. हेकेलचे १९१९चे रंगीत 'पुरुषाचे व्यक्तिचित्र', जे त्याचे आत्मचित्रच मानले जाते, त्याचीही जात हीच. युद्धात फ्लँडर्समध्ये रुग्णसेवक म्हणून काम करून परतलेला हा माणूस हात हनुवटीजवळ घेऊन, नजर आपल्यापासून वळवून बसला आहे. चेहऱ्याचा रंग हिरवट आहे. तेथे आजारीपणाचा उजेड आहे, आणि तोही बाहेरून आलेला नाही.

आता ज्या चित्रकर्तीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. केटे कोलविट्झ 'ब्र्युके'ची सभासद नव्हती. वयाने ती त्या मुलांच्या आधीच्या पिढीची. तिचा नवरा बर्लिनच्या उत्तर भागातल्या कामगारवस्तीत डॉक्टर होता आणि तिची चित्रे त्या वस्तीतून आली होती. अम्लरेखन आणि शिलामुद्रण या माध्यमांत तिने नाव मिळवले होते. करड्या छटांवर तिची हुकमत होती. अशी कलावती पन्नाशी उलटल्यावर करड्याला नकार देणाऱ्या माध्यमाकडे का वळली?

१५ जानेवारी १९१९ रोजी कार्ल लीबक्नेख्ट या डाव्या पुढाऱ्याची बर्लिनमध्ये हत्या झाली. कुटुंबीयांच्या विनंतीवरून कोलविट्झने शवागारात त्याची रेखाटने केली. ती त्याच्या पक्षाची नव्हती. पण कामगार आपल्या माणसाचा निरोप घेत आहेत, हा प्रसंग चितारण्याचा हक्क कलावंत म्हणून आपल्याला आहे, अशी तिची भूमिका होती. तिने अम्लरेखन करून पाहिले, शिलामुद्रण करून पाहिले. दोन्ही मनास येईनात. १९२० च्या जूनमध्ये एका प्रदर्शनात तिने एर्न्स्ट बार्लाखच्या काष्ठमुद्रा पाहिल्या आणि तिला वाट दिसली. त्याच वर्षी लीबक्नेख्टचे स्मृतिचित्र लाकडात पूर्ण झाले. खाली आडवा मृतदेह, त्यावर पांढरे वस्त्र. वर ओणवलेली, एकमेकांना चिकटलेली माणसे. चित्रातला सर्वांत मोठा पांढरा भाग मृताकडे आहे. जिवंतांचे चेहरे काळ्यातून जेमतेम बाहेर येतात, कुठे कपाळ, कुठे गालाचे हाड, कुठे छातीवर टेकवलेला जाड हात. येथे उजेड कोणत्या आशेचे प्रतीक मानायचा? तो प्रेताचा पांढरेपणा आहे, आणि शोक करणाऱ्यांच्या अंगावर त्याचा थोडा अंश आलेला आहे.

तिचे स्वतःचे दुःख त्याआधीचे होते. धाकटा मुलगा पीटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. तो अल्पवयीन असल्याने भरतीसाठी बापाची परवानगी लागत होती, आणि ती मिळवून देण्यात आईचाही शब्द होता. हे ओझे घेऊन तिने 'युद्ध' ही सात काष्ठमुद्रांची मालिका केली; ती १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रणांगण नाही, शत्रू नाही. त्याग, स्वयंसेवक, आईबाप, विधवा (दोन चित्रे), माता आणि लोक अशी सात पाने आहेत. यांतले 'आईबाप' हे पान आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोघे गुडघ्यांवर बसलेली आहेत. बापाने एका हाताने तोंड झाकले आहे, आई त्याच्यात खाली वाकली आहे. दोघांचे मिळून एकच काळे ओझे झाले आहे. म्हणजे पाहा, येथे व्यक्तिचित्र आहे आणि चेहराच नाही. जो थोडा उजेड कोरला आहे तो हातांवर आहे, केसांवर आहे, पाठीच्या वळणावर आहे. चेहऱ्याला तो लागू दिलेला नाही.

या चित्रासाठी तिने एकाहून अधिक ठोकळे कोरले. ते फार उजळ, फार कठीण आणि फार स्पष्ट झाले आहे, दुःख तर संपूर्ण काळे असते, अशा आशयाची नोंद तिने केली आहे. ही नोंद कृतीच्या प्रकाशात वाचली पाहिजे. तिच्या मते चूक उजेडाची झाली होती. आणि आपण वर पाहिले की लाकडात उजेडाची चूक दुरुस्त होत नाही. काळोख परत भरता येत नाही. त्यासाठी नवी फळी घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा त्या पूर्ण काळ्या चौकोनापाशी जाऊन उभे राहावे लागते आणि पुन्हा, या वेळी आधीपेक्षा जपून, ठरवावे लागते, की या दोघांच्या अंगावर किती उजेड सोसेल. आपण ज्याला शैली म्हणतो ती येथे एका आईने स्वतःवर घातलेली मर्यादा आहे.

तिच्या आत्मचित्रांतही हेच दिसते. आयुष्यभरात तिने शंभराच्या आसपास आत्मचित्रे केली; १९२०नंतरची काही लाकडातली आहेत. काळी पार्श्वभूमी, त्यात विरलेले केस आणि खांदे, आणि पातळ घावांनी हळूहळू वर आलेला थकलेला चेहरा. येथे माध्यमाची एक गंमतही सांगितली पाहिजे. आरशात पाहून आपण स्वतःला उलटे पाहतो, आणि ठोकळ्याचा छाप पुन्हा उलटा उमटतो. त्यामुळे आरशात पाहून थेट फळीवर कोरलेले आत्मचित्र कागदावर सुलटे येते. इतरांना आपण जसे दिसतो तसे. स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची ही सोय कोलविट्झच्या स्वभावाला साजेशी होती.

आता आमच्या समजुतीविषयी. पुष्कळ वर्षे आम्ही असे मानत आणि बोलत आलो, की लाकूड खोटे बोलू देत नाही. जे माध्यम करडा रंग नाकारते, ज्यात घाव मागे घेता येत नाही, त्यातला चेहरा सच्चाच असणार; 'संदेष्टा' हा त्याचा पुरावा. ही समजूत टिकली नाही. नोल्डे आणि कोलविट्झ यांचा जन्म एकाच वर्षीचा: तिचा ८ जुलै १८६७, त्याचा ७ ऑगस्ट १८६७. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा दोघेही पासष्टीचे होते. नाझींविरुद्ध डाव्या पक्षांनी एकत्र यावे, या आवाहनावर सही केल्यामुळे कोलविट्झला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. १९१९ मध्ये त्या अकादमीत निवडली गेलेली ती पहिली स्त्री होती. नोल्डेने त्याच वर्षी आपला जुना सहकारी पेख्स्टाईन ज्यू असल्याचे एका अधिकाऱ्याला सांगितले, आणि ते खरेही नव्हते. १९३४ मध्ये तो नाझी पक्षात गेला. पुढे याच राजवटीने त्याची हजाराहून अधिक कामे संग्रहालयांतून काढली आणि १९३७च्या म्यूनिकमधील 'अधोगत कला' प्रदर्शनात त्याची चित्रे विटंबनेसाठी टांगली, म्हणून युद्धानंतर तो केवळ बळी म्हणून ओळखला गेला. त्याचे ज्यूद्वेषी लेखन आणि पक्षनिष्ठा १९१९ पासून नव्हे, तर थेट २०१९ मध्ये, बर्लिनच्या एका मोठ्या प्रदर्शनात, सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे सविस्तर मांडली गेली.

मग 'संदेष्टा' खोटा ठरतो का? आम्हांला तसे वाटत नाही. चित्र १९१२ चे आहे, आणि ते आजही तितकेच समर्थ आहे. खोटी ठरते ती आपली समजूत, की माध्यमाचा कणखरपणा हा माणसाच्या सच्चेपणाचा दाखला असतो. पटाशीने खणून काढलेला उजेडही मिरवता येतो. 'संदेष्ट्या'कडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट जाणवते: तो एकटा आहे. त्याचा उजेड त्याच्यापुरता आहे आणि आपण त्याच्यापुढे नतमस्तक व्हावे एवढीच त्याची अपेक्षा आहे. कोलविट्झच्या चेहऱ्यांजवळ नेहमी कोणाचा तरी हात असतो, झाकणारा, धरणारा, टेकवलेला. त्यांच्यावरचा उजेड दुसऱ्यापर्यंत पोचण्यापुरता कोरलेला आहे, त्याहून जास्त नाही. हा फरक कौशल्याचा नाही. तो प्रत्येक घावापूर्वी कलावंत स्वतःला काय विचारतो याचा आहे. हा फरक आम्ही इतिहास कळल्यावर पाहतो आहोत, आणि त्याआधी आम्हांला तो दिसला नव्हता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

पुढची हकीकत थोडक्यात. किर्शनरची सहाशेहून अधिक कामे जर्मन संग्रहालयांतून जप्त झाली; १५ जून १९३८ रोजी त्याने दावोसजवळ आत्महत्या केली. कोलविट्झचा पीटर नावाचाच नातू १९४२ मध्ये रशियात मारला गेला. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तिचे बर्लिनमधले घर गेले. युद्ध संपायला थोडे दिवस असताना, २२ एप्रिल १९४५ रोजी, ती मोरित्सबुर्ग येथे वारली.

यंदाही परीक्षेत प्रकाश हे आशेचे प्रतीक असेल आणि आम्ही गुण देऊ. पण वर्गात आता एक काम जास्तीचे करतो. 'आईबाप' हे चित्र फळ्यावर दाखवतो आणि विचारतो: येथे सर्वांत आधी काय होते, आणि काय काढून टाकले? मुले बराच वेळ गप्प असतात. मग कोणीतरी म्हणते, की आधी सगळे काळेच होते. तिथून पुढे बोलता येते.